आमची वाटचाल : जुन्या पिनबॉल यंत्रांचे पॉवर सप्लाय

बॅली, विल्यम्स आणि गॉटलिब या कंपन्यांची पिनबॉल (धातूची गोळी उडवण्याच्या खेळाची) यंत्रे शिकागो परिसरातच तयार होत असत, त्यामुळे येथील एका उपनगरात आम्ही औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचे दुकान थाटल्यावर घरोघरच्या तळघरांत पडून असलेली यंत्रे आमच्याकडे येऊ लागणे ओघानेच आले. सुरुवातीला जोडधंदा म्हणून स्वीकारलेले हे काम आज मुख्य झाले आहे, आणि त्यातही १९७७ ते १९८५ या काळातील बॅली यंत्रांच्या पॉवर सप्लायचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागाचे, काम सर्वाधिक असते.

यंत्र सुरू होत नाही म्हणजे संगणक-बोर्डच गेला, अशी बहुतेक ग्राहकांची समजूत असते. वास्तविक त्या बोर्डावरचा लहान दिवा सुरुवातीच्या तपासणीत सात वेळा चमकतो आणि सातवी चमक सोलेनॉइडचा (यंत्राचे भाग हलवणाऱ्या विद्युतचुंबकी गुंडाळ्यांचा) ४३ व्होल्टचा पुरवठा पोहोचला तरच येते. सहा चमकांवर गाडी अडली, तर आम्ही नवा बोर्ड विकण्याऐवजी आधी रेक्टिफायर बोर्डावरचा (एसी विजेची डीसी करणाऱ्या बोर्डावरचा) त्या पुरवठ्याचा फ्यूज आणि कनेक्टर पाहतो.

तपासणीचा आमचा क्रम ठरलेला आहे. रेक्टिफायर बोर्डाचे बाहेर जाणारे कनेक्टर काढून, सुमारे १२, ४३ आणि २३० व्होल्ट आपापल्या जागी मिळतात की नाही हे पाहायचे, आणि मगच पुढचे बोर्ड जोडायचे. त्यानंतरही यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर मल्टिमीटर एसीवर ठेवून पाच व्होल्टच्या रेषेवरची लहर, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, मोजायची. ती जास्त दिसली तर बहुधा ११,७०० मायक्रोफॅरडचा मूळ कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा सपाट ठेवणारा भाग) वाळलेला असतो आणि त्या जागी आम्ही १५,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा बसवतो. डिस्प्लेच्या उच्च दाबाच्या भागाला मात्र, तिथले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारित राहत असल्याने, ते रिकामे झाल्याची खात्री केल्याशिवाय आमच्याकडे कोणीही हात लावत नाही.

कनेक्टरच्या जळालेल्या पिनांचे मूळ अनेकदा शोभेच्या दिव्यांत सापडते. ४४ क्रमांकाचा दिवा पाव अँपिअर घेतो, म्हणजे तीस दिव्यांचा भार साडेसात अँपिअर होतो. ४७ क्रमांकाचे दिवे लावल्यास तो साडेचारवर येतो. एलईडीने तो आणखी घटतो हे खरे, पण जुन्या काचेमागे तो पांढराफेक प्रकाश आम्हाला रुचत नाही.

निदानाचे शुल्क वेगळे घ्यायचे आणि प्रत्येक यंत्रासोबत मोजलेल्या व्होल्टचा लेखी तक्ता द्यायचा, असे आम्ही ठरवले तेव्हा काही ग्राहक कुरकुरले. आता मात्र परराज्यांतूनही नुसते बोर्ड पार्सलने येतात, आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ग्राहक जुना तक्ता आवर्जून सोबत पाठवतात. रेक्टिफायर बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्याच जळून उखडलेल्या असतील, तर आम्ही दुरुस्तीचा हट्ट धरत नाही. नवा रेक्टिफायर बोर्ड बसवतो आणि जुना ग्राहकाला परत करतो.