निळा ठिपका

साहेबांचा ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमधला सगळ्यात लांब मारायचा क्लब, डिसेंबरात बिघडला. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, वय बासष्ट, हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा) सोळा, पंधरा वर्षांचा खेळ. आयर्न, म्हणजे कमी अंतराच्या क्लबचे फटके, थोडे कमी जात होते पण सरळ जात होते, पटिंग (भोकाजवळचे हलके फटके) नेहमीसारखं. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, ड्रायव्हरने मारलेला चेंडू मात्र डावीकडे सुटायचा आणि हवेत वळून उजवीकडच्या झाडांत शिरायचा. एका राउंडला पाच-सहा चेंडू हरवायचे. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "धरणाच्या कामावर असतानासुद्धा माझी अशी झोप उडाली नव्हती."

मी पुण्यात गोल्फ शिकवतो. त्याआधी नऊ वर्षं कॅडी होतो, खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायचो. डावीकडे सुटून उजवीकडे वळणारा चेंडू दिसला की शिकवणाऱ्याच्या तोंडी एकच उत्तर येतं: क्लब बाहेरून आत येतोय आणि त्या वाटेच्या मानाने फेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, उघडा, उजवीकडे बघत राहतोय. पूर्वी आम्हाला सांगायचे की चेंडू क्लबच्या वाटेने सुटतो. रडारची यंत्रं आल्यावर कळलं की तो सुटतो मुख्यतः फेस जिकडे बघतो तिकडे. वळतो तो फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. हे मला पाठ होतं, आणि साहेबांचा पहिला चेंडू वळताना बघूनच मी निदान करून मोकळा झालो.

मग नेहमीचे उपाय. चेंडूच्या हातभर मागे, बाहेरच्या बाजूला पाण्याची रिकामी बाटली ठेवायची आणि तिला धक्का न लावता मारायचं. "क्लब आतून बाहेर फेका," हे मी दिवसाला पन्नास वेळा म्हणत असेन. साहेब घरी आरशासमोरही सराव करायचे. मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यात मला जे बघायचं होतं ते दिसलं. जानेवारीत स्लाइस, म्हणजे चेंडूचं ते उजवीकडे वळणं, वाढला. मी म्हटलं, जुनी सवय आहे, जाताना त्रास देतेच. फेब्रुवारीत त्यांचा डावा कोपर दुखू लागला. मधेच त्यांनी पन्नास हजारांच्या वरचा नवा ड्रायव्हरही घेतला. आमच्याकडे येणारे लोक कोपर दुखेपर्यंत मारतील, नवा क्लब घेतील, पण "माझं निदान तपासून बघा" असं कुणी म्हणत नाही. आणि शिकवणारेही ते स्वतःहून तपासत नाहीत. मीही नाही तपासलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता साहेब रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर होते. त्यांचा कॅडी बाकावर बसला होता. त्याला सगळे मामा म्हणतात. तीस वर्षं बॅग उचलतोय आणि माझं कॅडीपण त्याच्याच हाताखाली झालं. शिकवणी चालू असताना कॅडीने बोलायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. मला तो कधीच पटला नाही, पण मोडायलाही मी कधी पुढे झालो नाही. साहेब पाणी प्यायला गेले तेव्हा मामा हळूच म्हणाला, "अरे, दिवाळीनंतर साहेबांनी चष्मा बदललाय. तेव्हापासून चेंडूवर उभे राहिले की हनुवटी छातीला लावतात. पटिंगला मात्र चष्मा काढून माझ्याकडे देतात."

मी खिशातून निळा मार्कर काढला. फळ्यावर लिहायचा, पुसला जाणारा. चेंडूच्या मागच्या बाजूला त्याचा मोठा ठिपका काढायचा आणि ती बाजू क्लबकडे करून चेंडू टीच्या खुंटीवर ठेवायचा. मारला की ठिपका फेसवर उमटतो आणि चेंडू नेमका कुठे लागला ते दिसतं. नवशिक्यांना मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावतो. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला ते कमीपणाचं वाटेल, म्हणून साहेबांना लावलं नव्हतं.

साहेबांनी मारला. ठिपका हीलवर, म्हणजे फेसच्या टोकाला, अगदी शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला. दुसरा तिथेच. पाचही तिथेच, रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतके जवळ.

ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, थोडा फुगीर असतो. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा हीलकडचा भाग जरा डावीकडे बघतो आणि चेंडू डावीकडे सुटतो. शिवाय ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. हीलवर चेंडू लागला की डोकं एका बाजूला फिरतं आणि दातेरी चाकासारखं चेंडूला स्वतःच्या उलट दिशेने फिरवतं. चेंडू उजवीकडे वळतो. म्हणजे दिसायला हुबेहूब तोच स्लाइस, बाहेरून आत येणाऱ्या क्लबचा. आयर्नचा फेस सपाट आणि वजन फेसलगत, म्हणून तिथे हीलवर बसलेला चेंडू वळत नाही, फक्त कमी जातो. साहेबांचे आयर्न थोडे कमी जात होते, हे मी वर लिहिलंच आहे. तीन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

चष्मा प्रोग्रेसिव्ह होता. वरून लांबचं, खालून वाचायचं. जमिनीवरचा चेंडू खालच्या काचेतून धूसर दिसतो, म्हणून ते मान खाली घालून वरच्या काचेतून बघायचे. हनुवटी छातीला टेकली की खांदा तिच्याखालून फिरायला जागा राहत नाही. मग अंग वर उठतं, चेंडूकडे सरकतं आणि चेंडू हीलवर लागतो. त्यात "आतून बाहेर फेका" म्हणून मी क्लब आणखी बाहेर ढकलत होतो.

"साहेब, जरा चष्मा काढा."

"मग चेंडू नीट दिसणार नाही रे."

"पांढरं काहीतरी दिसतंय ना? तेवढं पुरे."

त्यांनी चष्मा मामाकडे दिला. मान आपोआप वर आली. पहिला चेंडू पुन्हा हीलवर, दुसरा थोडा आत. सहाव्याला ठिपका फेसच्या मधोमध उमटला. आवाजच वेगळा आला. साहेबांनी चेंडू कुठे गेला ते बघितलंच नाही. क्लब उलटा करून ते त्या निळ्या डागावरून अंगठा फिरवत राहिले.

खेळायला आता त्यांनी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतलाय. ठिपका दहातून सहा-सात वेळा मधे येतो. पण मी तीन महिने घोटवून घेतलेली आतून बाहेरची वाट अजून अंगात आहे. परवा पहिल्या टीवर त्यांनी छान मारला, चेंडू जराही न वळता सरळ उजवीकडच्या झाडांत गेला. साहेब म्हणाले, "वळला नाही, बघितलंस?" मी हो म्हटलं. मामाने बॅग उचलली आणि माझ्याकडे न बघता तो झाडांच्या दिशेने चालू लागला. कोपराचं दुखणं अजून आहे. पुढचा महिनाभर मी त्यांच्याकडून फी घेणार नाही, हे त्यांना कसं सांगायचं ते ठरत नाहीये.