आमची वाटचाल : पाण्यावरच्या रंगांचं किट

कपातल्या पाण्यावर नेलपॉलिशचे थेंब सोडून काडीने नक्षी काढायची आणि नख बुडवून ती नखावर उचलायची, हे वॉटर मार्बल नेल आर्ट. त्याचं घरगुती किट बनवणं हा आमचा छोटा उद्योग. त्याआधी आम्ही ब्युटी पार्लरना कापूस, ऑरेंज स्टिक (नखांसाठीची लाकडी काडी), नेल फाइल, रिमूव्हर असं सुटं सामान पुरवायचो. पाण्यावर रंग सोडून करतात ते डिझाइन जमत का नाही, असं तिथल्या ताई वारंवार विचारत. रंग त्यांच्याकडे उत्तमच होते. अडत होतं ते पाण्यापाशी आणि वेळेपाशी. त्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधताच हे किट घडत गेलं.

नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकांत विरघळलेला असतो. थेंब पाण्याला टेकला की पाण्याचा पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी ओढतो. तेवढ्यात द्रावक उडू लागतो आणि वर साय धरते. सगळी नक्षी ही साय धरायच्या आत काढायची असते. म्हणून आमच्या किटमध्ये ‘क्विक ड्राय’ पॉलिश नाही. जेल पॉलिशही नाही, कारण ते लॅम्पखालीच घट्ट होतं, पाण्यावर साय धरत नाही. पाच मिलीचे चार रंग आणि आठ मिलीचा पांढरा, एवढंच देतो. पांढरा जास्त, कारण पाण्यावरचा रंग फार पातळ असतो. खाली पांढरा थर नसेल तर नखावर तो मळकट दिसतो.

कपाचा प्रश्न आम्हाला बराच काळ पुरला. घरातल्या स्टीलच्या वाटीला भांड्याच्या साबणाचा अंश राहतो. त्याने पृष्ठताण कमी होतो आणि थेंब जागच्या जागी बसतो. पातळ, ठिसूळ प्लास्टिकच्या कपाला द्रावक खातो. आता कोरे कागदी कप देतो. पाणी फिल्टरचं, खोलीच्या तापमानाचं, पंचवीस अंशांच्या आसपास. हिवाळ्यात नळाच्या गार पाण्यावर रंग पसरत नाही, गोळा होऊन बुडतो. गरम पाण्यावर साय लगेच धरते. पंख्यानेही तेच होतं, म्हणून ‘पंखा बंद करा’ ही सूचना आम्ही झाकणावरच मोठ्या अक्षरात छापली आहे.

आता कृती. नखांवर बेस कोट म्हणजे रंगाखालचा पहिला थर, त्यावर पांढरा. तो पूर्ण वाळू द्या. नखाभोवतीच्या कातडीला टेप लावा. सोलून निघणारं द्रव लॅटेक्सही चालतं, पण लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं. किटमध्ये आम्ही टेपच ठेवली आहे. पेट्रोलियम जेली नको, तिचा तेलकटपणा पाण्यावर उतरतो. कप काठापासून अर्धा इंच रिकामा ठेवून भरा. सगळ्या बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवा, नाहीतर दुसरी बाटली उघडेपर्यंत पहिला रंग वाळतो.

ब्रश पाण्यापासून सेंटिमीटरभर वर धरून थेंब सोडा. उंचावरून पडलेला थेंब तळाशी जातो. पुढचा थेंब आधीच्या वर्तुळाच्या मध्यभागी. चार-पाच वर्तुळं पुरतात. सगळ्यात बाहेरचं वर्तुळ कपाच्या कडेला चिकटून आधी वाळतं, त्याला काडी लावली तर पूर्ण नक्षी ओढली जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्तुळापासून काडी मध्याकडे न्या. चारही बाजूंनी तसंच केलं की पाकळ्या उमटतात. प्रत्येक रेघेनंतर काडी पुसा. नवशिक्यांनी चार रेघांवर थांबावं. जास्त ओढलं की रंग मिसळून राखाडी होतात.

नक्षीचा आवडलेला भाग हेरून नख खाली करून, अगदी किंचित तिरपं, सावकाश आत घाला. झटकन बुडवलं तर हवा अडकून बुडबुडे येतात. आणि इथेच सर्वांत जास्त नखं बिघडतात: बोट लगेच बाहेर काढू नका. ते पाण्यातच ठेवून वर तरंगणारी उरलेली साय काडीने गुंडाळून काढा, मग बोट वर आणा. नाहीतर वर येताना दुसरा थर पहिल्यावर बसतो. नखावरचे पाण्याचे थेंब टिश्यूच्या टोकाने टिपा, पुसू नका. टॉप कोट, म्हणजे वरचा चकाकीचा थर, दहा-पंधरा मिनिटांनी, ब्रश न दाबता. खाली ओल राहिली तर चकाकी जाते.

व्यवसायाच्या बाजूचं थोडं. कायद्याच्या दृष्टीने मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत रंग भरून लेबल लावणं हेसुद्धा उत्पादनच, त्याला परवाना लागतो. त्यामुळे परवानाधारक उत्पादकाकडून भरलेल्या, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेल्या बाटल्याच आम्ही घेतो आणि फक्त किट बांधतो. नेलपॉलिश ज्वलनशील, म्हणून ते साध्या हवाई कुरिअरने जात नाही. पार्सल रस्त्याने जातं आणि लांबच्या गिऱ्हाइकांना थांबावं लागतं. घरीही गॅस किंवा देवघरातल्या दिव्याजवळ हे करू नये, खिडकी उघडी ठेवावी. वापरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतण्याआधी साय काडीवर गोळा करून कचऱ्यात टाकावी.

बाटली जुनी होऊन रंग घट्ट झाला तर त्यात रिमूव्हर घालू नका, पॉलिशचा पोत बिघडतो. नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब घालून बाटली तळहातांमध्ये फिरवा. सुटे रंग आणि थिनर आमच्याकडे मिळतात. पांढरा सगळ्यात आधी संपतो, म्हणून त्याची बाटली एकटीही पाठवतो.