तुम्ही विचारलंत म्हणून: गवताखालचं घर गळतं का?

आइसलंडहून आणलेले फोटो दाखवले की हा प्रश्न हमखास येतो. छपरावर हिरवंगार गवत, भिंती मातीच्या, आणि वर तिथला पाऊस. मग गळत नाही का?

गळायचं. छपराचा उतार कमी पडला तर पाणी आत मुरतं, जास्त झाला तर कोरड्या हवेत गवताच्या थराला भेगा पडतात. मधला नेमका उतार साधणं हे खरं कसब. लाकूड दुर्मिळ, म्हणून समुद्रावर वाहून आलेले ओंडकेसुद्धा घरात लागायचे.

उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुरमधलं ग्लाउम्बाइर ही अशाच घरांची जुनी वाडी मी पाहिली. एका लांब बोळाने जोडलेली तेरा घरं. भिंतींत दगड अगदी थोडा. दलदलीतून मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या, मधे लांब पट्ट्यांचे थर. मुळं एकमेकांत गुंतत जातात आणि भिंत घट्ट होते. मी कितीतरी वेळ त्या भिंतीवर हात ठेवून उभी होते.

मागच्या बाजूला बाधस्तोवा, म्हणजे सगळ्यांची राहायची, झोपायची खोली. एका पलंगावर दोघं झोपायची. सरपण जपून वापरावं लागे, त्यामुळे ऊब मिळायची ती मुख्यतः माणसांचीच. हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे लोकर कातत, विणत ऐकायचे. अशा घरांना मागासलेपणाची खूण म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. तिथल्या लोकांनाही एके काळी त्यांची लाज वाटायची. ग्लाउम्बाइरमध्ये 1947पर्यंत माणसं राहत होती.

पण अशा घराला सतत डागडुजी लागते, आणि डागडुजी करणारे हात बंदराकडे निघाले होते. 1903मध्ये नॉर्वेजियन लोकांनी सिग्लुफ्योर्दुर बंदरात हेरिंग माशाची मासेमारी आणली आणि उन्हाळ्यात देशभरातून माणसं तिकडे धावू लागली. धक्क्यावर मासे साफ करून पिंपात मीठ लावून भरायचं काम मुलींचं. बोट लागली की रात्र असो वा दिवस, उठायचं. पिंप भरलं की एक बिल्ला मिळे, तो बुटात टाकायचा. हातात रोख पैसा आला, तोही स्वतःच्या कमाईचा! त्या मुलींना परत मातीच्या घरात यावंसं वाटलं नसेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

1968च्या सुमारास हेरिंग नाहीशी झाली. बेसुमार मासेमारी झाली होती, समुद्रही थंडावला होता. सिग्लुफ्योर्दुरमधली मुलींच्या राहण्याची 1907ची लाकडी इमारत आता संग्रहालय आहे.

स्कागाफ्योर्दुरमध्ये ढेपा कापायला आणि रचायला शिकवणारे वर्ग भरतात. पुढच्या वेळी मला तिथेच जायचंय, कुदळ हातात घेऊन.