चकली म्हणजे लाच?

आईनं ठाण्याहून पाठवलेल्या फराळातला चकल्यांचा एक डबा मी इथे म्युनिकच्या सरकारी कचेरीत घेऊन गेले. काम आधीच झालं होतं, परवाना हातात पडला होता. खिडकीतल्या बाईंनी जीव तोडून मदत केली होती, म्हणून नेला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, घेता येणार नाही. खायचंच आहे हो. तरी नाही. घरी केलंय. तरी नाही. बरं, एक तरी चाखा! डबा माझ्याकडे सरकवून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. चारचौघांत असा अपमान माझा नौपाड्यात कधी झाला नव्हता.

ऑफिसातल्या सहकाऱ्यानं मग समजावलं: जर्मनीत सरकारी नोकराला कामाच्या संदर्भात भेट घ्यायला कायद्यानंच मनाई आहे, वरून परवानगी असेल तरच अपवाद. आज पेढे, उद्या पाकीट, हा त्याचा मुद्दा पटला. सूर नाही पटला. याच म्युनिकच्या सीमेन्स कंपनीनं देशोदेशी लाच वाटली होती ना? 2006 मध्ये धाडी पडल्या, 2008 मध्ये अमेरिका आणि जर्मनीतला दंड मिळून साधारण 1.6 अब्ज डॉलरला प्रकरण गेलं. शिवाय परदेशी अधिकाऱ्याला चारलेले पैसे 1999 पर्यंत जर्मन कंपन्यांना करात वजावट म्हणून दाखवता येत होते! घरात सोवळं, दाराबाहेर काहीही. मी हे सुनावल्यावर तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर आता इतके कडक आहोत." यावर काय बोलणार?

त्याच आठवड्यात दादाचा फोन. घराच्या कागदांवर बाबांच्या जागी आईचं नाव लावायचंय. एजंटानं आकडा सांगितलाय, त्यात 'वरचे' धरूनच. मी म्हटलं, लाचलुचपतवाल्यांना 1064 वर फोन कर. "करतो. आणि उद्या त्याच खिडकीत उभं कोण राहणार, तू?"

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं. दादाला हे ठाऊक आहे. शिळफाट्याची बेकायदा इमारत 2013 मध्ये कोसळून 74 माणसं गेली, अटक झालेल्यांत पालिकेचे अधिकारी होते, हे तर ठाण्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण दादा म्हणतो, ते पैसे नियम मोडायला दिले होते, आपण हक्काचं काम व्हावं म्हणून देतोय. हा फरक मला अजूनही थोडा खरा वाटतो. फक्त, घेणाऱ्याचा हात सरावतो तो आपल्यासारख्यांच्या साध्या कामांवरच. बिल्डरची फाईल नंतर येते.

सध्या एजंट थांबवलाय. दादा स्वतः अर्ज करणार. मुदतीत झालं नाही तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील. त्यानंही काम हललं नाही, तर तो काय करतो ते मी विचारायचं नाही, अशी त्याची अट आहे. मी मान्य केली. खेटे शेवटी त्यालाच घालायचे आहेत.