मुंग्यांच्या दारात कण्या

मागच्या जूनमधली गोष्ट आहे. तेव्हा डोक्याला हात लावून बसलो होतो, आता सांगताना हसू येतं.

मी एका छोट्या संस्थेत फिल्डवर काम करतो, बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला. नायगावचं मयूर अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. ते १९९४ ला जाहीर झालं, पण मोरांना त्याची हद्द कुणी दाखवलेली नाही, ते सकाळी सहाला गावातल्या पत्र्यावर येऊन ओरडतात. गायरानात काळवीटांचा एक कळप आहे, आणि रानडुकरांचं तर विचारूच नका. तर काम असं होतं की गायरानावर तीन एकराचे पट्टे पाडायचे आणि त्यात या सगळ्यांसाठी चारा आणि दाणा लावायचा, पण जमीन न नांगरता. नांगर नाही, कुळव नाही, रोटाव्हेटर तर नाहीच नाही.

गावात मीटिंगला हे सांगितलं तर मागून एक जण म्हणाला, "म्हंजी सर, बिनचुलीचा सैपाक." सगळे हसले, मी पण हसलो, काय करणार.

न नांगरण्यामागं कारण होतं. त्याच्या आदल्या वर्षी आम्हीच शेजारच्या तुकड्यावर ट्रॅक्टर घातला होता. बालाघाटाच्या डोंगरावरची जमीन ही, वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. नांगरल्यावर दिसायला एकदम झकास दिसलं, फोटो पण भारी आले, आणि पहिल्याच धो धो पावसात अर्धी माती ओढ्यात गेली. उरलेल्या अर्ध्यात आलं काय तर गाजरगवत, गुडघ्याएवढं. त्याचं बी मातीत दबून पडलेलं असतं, तुम्ही नांगर घातला की त्याला उजेड भेटतो, की झालं. एका झाडाला दहा-दहा हजार बिया, म्हणजे आपणच पेरल्यासारखं. त्या तुकड्याकडं मी अजून मान वर करून बघत नाही.

युट्यूबवर असं न नांगरता जनावरांसाठी पेरायचे बरेच व्हिडिओ आहेत, अमेरिकेतले. तिकडं शिकारी लोक हे करतात, हरीण बंदुकीच्या टप्प्यात यावं म्हणून. आधी तणनाशक मारायचं, मग क्लोव्हर नाहीतर राय, म्हणजे तिकडची चाऱ्याची पिकं, यांचं बी नुसतं फेकायचं आणि उभं गवत कापून त्यावरच आडवं पाडायचं, झालं काम. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच नाही, आणि मोर-तितर जिथं दाणे टिपतात तिथं ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारायला माझं मन होईना. आपल्या इथं पण नेरळच्या भडसावळे या शेतकऱ्याची एसआरटी नावाची पद्धत आहेच, बिननांगरणीची, मराठवाड्यात कापूस-सोयाबीनवाले कितीतरी जण करतात. पण ती गादीवाफ्यावरची शेती, आमचं गायरान म्हणजे दगड, कुसळ आणि बाभळी.

बियाण्याच्या यादीवरनं ऑफिसशी जरा वाजलं. कुणीतरी मका आणि उंच ज्वारी लिहिली होती. मी खोडली. काळवीट लांबचं बघून पळणारं जनावर आहे, त्याला उघडं रान लागतं, पुरुषभर उंचीच्या पिकात ते शिरून कशाला आंधळं होईल? शिवाय उंच पीक म्हणजे डुकराला घर बांधून दिल्यासारखं. शेवटी राळा, तीळ, मटकी, हुलगा, थोडी बाजरी आणि कायमचं म्हणून मारवेल आणि पवन्याचं गवत असं ठरलं.

९ जूनला संध्याकाळी चांगला दीड तास पाऊस झाला, मृगाचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही फेकलं. मे महिन्यात ब्रश कटरनं कुसळ कापून ठेवलं होतं, त्याच्यावर बी फेकायचं आणि तेच गवत वरून पांघरायचं असा प्लॅन. आता प्रश्न असा की नुसतं वर पडलेलं बी मातीला चिकटणार कसं. त्यासाठी एक मेंढपाळ आबा पकडले, दीडशेक मेंढरं असतील त्यांची. आपल्याकडं शेतात मेंढरं बसवायला लोक पैसे देतात, खत होतं म्हणून, इथं मी म्हणलं बसवू नका, नुसती फिरवा. आबा माझ्याकडं बघतच राहिले. "फिरवायचे पैशे?" मी म्हणलं हो. दोन तास त्यांनी मेंढरं इकडून तिकडं अशी फिरवली की सगळ्या पट्ट्यावर खुरांचे ठसे उमटले, ओल होती त्यामुळं ठसे पण खोल. मी घरी जाऊन मस्त झोपलो.

आणि मग पाऊस गायब. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. कडक ऊन.

१९ तारखेला सकाळी मी पट्ट्यावर गेलो, मटकीला कोंब आलाय का बघायला म्हणून खाली बसलो आणि गवत बाजूला केलं तर बीच नाही. थोडं पुढं गेलो, तिथं पण नाही. मग डोळ्यापुढनं काहीतरी पांढरं सरकलं. तीळ. तीळ चालत होता. नीट बघितलं तर खाली मुंगी. तिच्या मागं दुसरी, तिच्याकडं राळ्याचा पिवळा दाणा, तिच्या मागं तिसरी, अशी आषाढीच्या दिंडीसारखी रांग, एकीच्या मागं एक, डोक्यावर ओझं, कुठं गडबड नाही गोंधळ नाही. रांगेच्या मागं मागं गेलो तर तीसेक पावलांवर बीळ, आणि बिळाच्या तोंडाभोवती राळ्याच्या फोलपटांचा असा गोल कडा की जणू खळंच केलंय. पिवळं धम्मक. बी आत आणि टरफल बाहेर, इतकं व्यवस्थित काम आमच्या ऑफिसात पण होत नाही.

मग उठून मोजायला लागलो. तीन एकरात बावीस बिळं सापडली आणि त्यानंतर मोजायचं सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात पुण्याहून हेड ऑफिसचे लोक बघायला येणार होते, आणि मी बियाण्याचं बिल लावलेलं होतं. पाऊस नाही म्हणून बी रुजलं नाही हे सांगता येतं हो, पण मुंग्यांनी नेलं हे कुठल्या कॉलममध्ये लिहू?

कामावर गावातल्या सहा बाया होत्या. बरोबरचा पोरगा लगेच म्हणाला, "सर, पावडर आणतो दुकानातून, दोन तासात साफ." मी म्हणलं अरे त्याच मुंग्या तितर खातंय, तेच बी मोर खातोय, आपण इथं कुणासाठी करायलोय? तो गप्प बसला पण त्याला पटलं नव्हतं हे दिसत होतं. खरं सांगू का, दहा मिनिटं माझ्या पण डोक्यात पावडरच होती.

तेवढ्यात त्यातली एक मावशी, साठीची असेल, पदर खोचून बिळाजवळ येऊन बसली, बघितलं आणि म्हणाली, "आवो सायब, उपाशी हायती त्या. त्यांच्या दारात कण्या टाका की. दारात पोटभर भेटल्यावर कशाला जातील लांब?" एवढंच. माझ्या आजीला मुंग्यांना पीठ घालताना लहानपणी शंभर वेळा बघितलंय मी, पुण्य लागतं म्हणायची. त्याचा असा उपयोग असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

गावातून वीस किलो तांदळाच्या कण्या आणल्या. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मूठ मूठ. पाचेक मिनिटं काहीच नाही, त्या आपल्या तिळाच्याच मागं. मग एक मुंगी थांबली, कणी उचलली, आत गेली. मग बघता बघता लांबची रांग विस्कटली आणि सगळी वर्दळ बिळाच्या तोंडाशी गोळा झाली. आम्ही आठ जण मोठी माणसं उन्हात उकिडवी बसून मुंग्या बघत होतो, रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवाला थांबून विचारून गेला, काय सापडलंय का?

मग उरलेला दिवस दुसऱ्या कामात गेला. जे मोठं बी होतं, मटकी आणि हुलगा, ते बायांनी खुरप्याच्या टोकानं भोक पाडून दोन बोटं खोल टोकलं आणि टाचेनं दाबलं. हे मी आधीच करायला पाहिजे होतं. मोठं बी नुसतं फेकून चालत नाही, ते एकतर वाळतं नाहीतर कुणीतरी खातं. आणि राहिलेला तीळ-राळा बारीक माती, शेण आणि राख यात घोळवून पुन्हा फेकला. हात दोन दिवस शेणाचे वास मारत होते. संध्याकाळी सातपर्यंत काम चाललं, चहा मावशींनी पाजला.

पाऊस आला २३ ला. पुण्याचे लोक आले तेव्हा जमिनीवर काहीच नव्हतं, त्यांनी मोकळ्या गायरानाचे फोटो काढले आणि चहा पिऊन गेले. पण नंतर जुलैत बघितलं तर बाजरी जवळपास नाहीच, ती पूर्ण गेली. मटकी मात्र टोकलेल्या जागी ओळीनं आली. आणि राळा आला तो कुठं, तर मेंढरांच्या खुराच्या ठशांमध्ये. प्रत्येक ठशात थोडी माती साचलेली, थोडी ओल धरलेली आणि त्यात दोन-तीन हिरव्या काड्या, म्हणजे मेंढरं कुठून कशी चालली ते गवतात वाचता येत होतं. आबांना दाखवलं तर म्हणाले, "मग पुढच्या साली पैशे वाढवा."

मुंग्यांच्या फोलपटाच्या कड्यात पण तीळ उगवला होता, झुबकेच्या झुबके, त्यांनी बहुतेक चुकून बाहेर टाकलेला. गाजरगवत या पट्ट्यात अगदी थोडं, हातानं उपटण्याएवढं. शेजारचा नांगरलेला तुकडा पांढऱ्या फुलांनी भरलेला होता.

नोव्हेंबरात राळ्यावर तितर बसायला लागले, काळवीटांच्या लेंड्या पण दिसल्या पट्ट्यात, मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. यानं शेतातलं नुकसान थांबतं असं मी कुणाला सांगत नाही, तीन एकरानं काय होतंय. त्याच आठवड्यात रात्री साडेदहाला गायरानाला लागून ज्यांचं रान आहे त्या काकांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुमची हरणं माझ्या हरभऱ्यात आलीत. जेवण झालं असंल त्यांचं तिकडं, आता घेऊन जा."