आमची वाटचाल : पडद्यावरचा रंग कागदावर आणताना

फोटो छापून देण्याच्या आमच्या व्यवसायात "प्रिंट काळी आली" ही तक्रार जितक्या वेळा कानावर येते, तितकी दुसरी कोणतीही येत नाही. धरमपेठेतील आमच्या दुकानात पहिली काही वर्षे ती जवळजवळ रोज येत असे आणि आम्ही निमूटपणे फोटो थोडा उजळ करून पुन्हा छापून देत असू. त्या प्रिंटमध्ये बहुतेक वेळा काहीही चुकलेले नसते, फोटो ज्या मॉनिटरवर पाहून तयार केला तोच गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट उजळ असतो, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

बाबांची सीताबर्डीला डार्करूम होती. रंगीत कागदावर प्रिंट काढताना ते एनलार्जरमधील (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर टाकणाऱ्या यंत्रातील) पिवळा आणि मॅजेंटा फिल्टर थोडा थोडा फिरवून टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीची छोटी पट्टी, काढत, ती धुऊन पूर्ण वाळवत आणि मगच खिडकीपाशी नेऊन पाहत. ओल्या कागदावर रंग निळसर दिसतो, म्हणून ओली स्ट्रिप पाहून त्यांनी कधीही निर्णय घेतला नाही. काम डिजिटल झाले, दुकान माझ्याकडे आले आणि ही सवय मी सोडून दिली. पडद्यावर सगळे समोर दिसतच आहे, मग वेगळे तपासायचे काय, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

त्याची किंमत एका लग्नाच्या अल्बमने वसूल केली. चाळीस पानांचा तो अल्बम उघडताच वधूच्या आईंचा चेहरा उतरला. "ताई, माझ्या पोरीचा शालू अंजिरी होता, हा तर राणी कलर होऊन राहिला!" त्यांचे म्हणणे खरे होते. शालूच नव्हे, तर मंडपातील प्रत्येक चेहरा ताप चढल्यासारखा लालसर आला होता. आम्ही शाईवर शंका घेतली, शाई बदलली. मग कागदावर शंका घेतली, कागद बदलला. त्यानंतर कर्ज काढून महागडा मॉनिटर घेतला, तरीही लाली कायम राहिली. अल्बम तीनदा स्वखर्चाने छापला. शेवटी दोष सापडला तो संगणकाच्या सेटिंगमधील एका चौकटीत केलेल्या खुणेत. फोटोचे सॉफ्टवेअर कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची नोंद) लावून रंग बदलत होते आणि त्याच वेळी प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅमही, आपल्या परीने रंग सुधारत होता. एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती होत होती. ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती बंद केल्यावर पहिल्याच प्रिंटमध्ये अंजिरी रंग अंजिरी दिसला. त्या माऊलींना चौथा अल्बम द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले.

त्यानंतर आम्ही दोन उपकरणे घेतली आणि दुकानाची खरी घडी तिथून बसत गेली. पहिले उपकरण कलरीमीटर. ते पडद्याच्या मधोमध टेकवून ठेवायचे. संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतो आणि उपकरण प्रत्यक्षात कोणता रंग बाहेर पडला ते मोजते. यात दोन वेगळी कामे असतात आणि आमच्या व्यवसायातील अनेक जण ती एकच समजतात. मॉनिटरची उजळता, पांढऱ्याची छटा आणि गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) ठरावीक जागी आणून ठेवणे हे कॅलिब्रेशन, तर त्या अवस्थेत तो मॉनिटर कोणता आकडा कोणत्या रंगात दाखवतो याची लेखी नोंद म्हणजे प्रोफाइल. अशा नोंदी सर्व कंपन्यांच्या यंत्रांना वाचता याव्यात, यासाठी १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कॉन्सोर्टियम (आयसीसी) स्थापन केले आणि आज आपण वापरतो ती आयसीसी प्रोफाइले तेथूनच आली.

आमचा नवा मॉनिटर खोक्यातून निघाला तेव्हा चौरस मीटरला ३०० कँडेलाच्या आसपास प्रकाश फेकत होता; कँडेला हे उजळतेचे माप. छपाईच्या कामासाठी ८० ते १२० कँडेला पुरतात, त्यामुळे आम्ही तो १०० वर आणला आणि गॅमा २.२ ठेवला. पहिले दोन दिवस माझ्या सहकाऱ्यांना पडदा मेल्यासारखा वाटला, तिसऱ्या दिवशी डोळे रुळले. "प्रिंट काळी आली" ही आमची स्वतःची तक्रार त्याच आठवड्यात संपली. पांढऱ्याच्या छटेसाठी सर्वसाधारणपणे ६५०० केल्विन सांगितले जाते (हा आकडा जितका कमी, तितका पांढरा पिवळसर), परंतु प्रिंट शेजारी धरून पाहिल्यावर आमच्या कागदाशी ५८०० केल्विन अधिक जुळले, म्हणून आम्ही तेच कायम केले. हा आमच्या खोलीचा आणि आमच्या कागदाचा आकडा आहे, तो दुसऱ्याने डोळे झाकून घेऊ नये. मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू दिल्याशिवाय आम्ही माप घेत नाही आणि दर महिन्याला माप पुन्हा घेतो.

खोलीकडेही लक्ष द्यावे लागले. आमची मागची भिंत पोपटी होती आणि तिचा रंग पडद्यावर सांडत असे, म्हणून ती राखाडी रंगवली. प्रिंट तपासण्यासाठी ५००० केल्विनचे, डी५० प्रकाशाच्या (छपाई तपासण्यासाठी ठरवलेल्या प्रमाणित दिवसाच्या प्रकाशाच्या) जवळ जाणारे दिवे बसवले, कारण साध्या ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग उन्हात नेल्यावर वेगळे दिसू शकतात.

दुसरे उपकरण स्पेक्ट्रोफोटोमीटर, ते प्रिंटरसाठी, म्हणजे कागदावर छापलेला रंग मोजण्यासाठी. सर्व रंगदुरुस्ती बंद ठेवून आम्ही शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता छापतो, तो एक दिवस वाळू देतो आणि मग उपकरण पट्टीच्या आधाराने एकेका ओळीवरून सरकवतो. हात थबकला किंवा घाई झाली की ती ओळ पुन्हा वाचावी लागते. हे काम माझी धाकटी बहीण करते. ते करताना ती फोन बाहेर ठेवून येते. कागद बदलला की प्रोफाइल नवे, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही. चकचकीत कागदाचे प्रोफाइल मॅट कागदाला लावले की सावल्यांचा चिखल होतो.

नागपूरचा उन्हाळा हा आमचा निराळाच धडा होता. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कोरड्या हवेत प्रिंटरच्या हेडची छिद्रे सुकतात आणि निळ्या आकाशात बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. त्यावर उपाय म्हणून कूलर लावला, तर त्याच्या ओलाव्याने कागद कडांना वळू लागला आणि हेड त्यावर घासले. ग्राहकांच्या बसण्याच्या जागेत एसी लावण्याआधी आम्ही तो यंत्राच्या खोलीत बसवला. तेव्हा अनेकांना ते विचित्र वाटले, मला आजही तो सर्वांत योग्य खर्च वाटतो.

मापे घेतल्याने कागदावर प्रत्येक रंग आणता येतो, असे मात्र नाही. पडद्यावरचा गडद निळा शाईला गाठता येत नाही आणि तो जांभळ्याकडे झुकतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी दीक्षाभूमीवर लावण्याच्या फलकांचे काम येते, तेव्हा हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, आणि त्या निळ्या रंगाशी लोकांची श्रद्धा जोडलेली असल्याने तेथे जांभळी छटा चालवून घेणे आम्हाला मान्य नाही. आम्ही कागदाचे प्रोफाइल लावून पडद्यावर आधीच प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसा दिसेल ते, पाहतो, शाईच्या आवाक्यातील निळा निवडतो आणि त्याचा हातभर नमुना छापून ग्राहकाला उन्हात दाखवतो. त्यांनी होकार दिला की मगच पूर्ण काम यंत्रावर चढते.

संत्र्याच्या पेट्यांवरील लेबलांचे काम काटोलकडील एका बागायतदारांनी दिले, तेव्हा त्यांनी सोबत पिशवीभर संत्री आणली होती. डी५० दिव्याखाली फळ ठेवून आम्ही सालीचा रंग थेट उपकरणाने मोजला. देठाजवळचा हिरवट भाग आणि पोटाचा केशरी भाग यांची मापे निरनिराळी आली, तेव्हा "भाऊ, यातला तुमचा रंग कोणता?" असे मी विचारले. त्यांनी संत्रे हातात फिरवून पोटाजवळ बोट ठेवले.

गेल्या वर्षापासून आम्ही ग्राहकांच्या घरी किंवा स्टुडिओत जाऊन त्यांचे मॉनिटरही मोजून देतो. पेंच आणि ताडोब्याला जाऊन वाघांचे फोटो काढणारी बरीच मंडळी आमच्याकडे छपाई करतात, आणि त्यांच्यातील बहुतेकांचे पडदे पहिल्या मापात २५० कँडेलाच्या वरच निघाले. पडदा १०० वर आणल्यावर ते आपलाच फोटो पाहून दचकतात, मग सावलीतील गवत स्वतः उजळ करतात आणि तीच फाइल आमच्याकडे पाठवतात. ती आम्ही कोणताही बदल न करता छापतो.