दहा फुटी छत्री आणि तिच्या तोंडाशी टांगलेला डबा

नव्वदीत केबलवाल्यांनी गच्च्यांवर चढवलेल्या जाळीच्या छत्र्या आता भंगाराच्या भावात मिळतात. माझी त्यातलीच. चंद्रावर आपटून आलेले हॅम लोकांचे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे, सिग्नल 1296 मेगाहर्ट्झवर ऐकायला ती पुरते, कारण तिथे तरंगलांबी 23 सेंटीमीटर आणि जाळीची भोकं बोटाएवढीही नाहीत. गच्चीवर येणारा प्रत्येक जण छत्रीचं कौतुक करतो. तिच्यासमोर तीन पायांवर टांगलेल्या डब्याकडे, म्हणजे छत्रीने गोळा केलेला सिग्नल झेलणाऱ्या फीडकडे, कोणी ढुंकूनही बघत नाही. माझा मात्र सगळा जीव त्या डब्यात.

चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. सिग्नल जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात आणि वाटेत सुमारे 271 डेसिबल खर्ची पडतात. अशा व्यवहारात फीडमध्ये एखादा डेसिबल सांडणं परवडत नाही.

आधी छत्रीचं माप. काठापासून काठापर्यंत दोरी ताणायची, मध्यावर खोली मोजायची आणि व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागायचं. माझा व्यास 305, खोली 48 सेंटीमीटर, म्हणून नाभी, म्हणजे सगळे किरण जिथे एकवटतात ती जागा, 121 सेंटीमीटरवर. नाभी भागिले व्यास, 0.4. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या अँटेनांचं हेच गुणोत्तर 0.41 आहे. तिथे विज्ञान दिनाला गेलात तर नुसते आ वासून ते जाळीचे राक्षस बघू नका. वर नाभीपाशी फिरता सांगाडा आहे, त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीची फीडं आहेत. ती बघा.

0.4 ची छत्री नाभीवरून बघितली तर 128 अंशांत पसरलेली दिसते. फीडने तेवढाच भाग उजळायचा, काठाशी मध्याच्या मानाने साधारण 10 डेसिबल कमी. उजेड काठाबाहेर सांडला की फीडला मागची जमीन दिसते आणि जमीन म्हणजे 290 केल्विनचा गोंगाट. फार आखडता हात घेतला तर कडेची जाळी फुकट. डब्याच्या तोंडाभोवतीचं पत्र्याचं कडं त्यासाठीच असतं. मी ते मागेपुढे सरकेल असं ठेवलंय.

डबा चौकोनी. आत पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला उभा पत्रा, म्हणजे सेप्टम. त्याच्या दोन बाजूंना केबल जोडायची दोन तोंडं, एक उजव्या फिरकीच्या लहरीचं, दुसरं डाव्या. ओके1डीएफसी या झेक हॅममुळे ही रचना मूनबाउन्सवाल्यांत, म्हणजे चंद्रावर सिग्नल आपटवून बोलणाऱ्यांत, घरोघरी पोचली. बाजू 11.6 सेंटीमीटरच्या खाली गेली तर लहर आत शिरतच नाही, 16.4 च्या वर गेली तर नको ते मोड, म्हणजे लहरीच्या आत पसरायच्या नकोशा तऱ्हा, सुरू होतात. मी 15 च्या आसपास राहिलो. ॲल्युमिनियम स्वस्त, पण मी पितळी पत्रा घेतला, कारण पितळ झाळता येतं. सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेल्यामुळे गुण्या लावल्याशिवाय हात चालत नाही, आणि इथे त्याचा उपयोग झाला. सेप्टम तिरका झाला तर वर्तुळाकार पोलरायझेशन, म्हणजे लहरीची गोल फिरकी, लंबगोल होतं. प्रोबची, म्हणजे तोंडातून डब्यात शिरणाऱ्या तारेची, लांबी मात्र नॅनोव्हीएनए हे अँटेना जुळवायचं छोटं मोजयंत्र समोर ठेवून कानशीनेच काढली.

उजव्या-डाव्याचा घोळ इथेच होतो. पाठवणारा उजव्या फिरकीने पाठवतो, चंद्रावर आपटून ती डावी होते, आपल्या छत्रीवर आपटून पुन्हा उजवी. म्हणजे फीडचं ऐकायचं तोंड उजवं हवं. उलट्या तोंडाला प्रीॲम्प, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारा पहिला ॲम्प्लिफायर, जोडलात तर चंद्र डोक्यावर असूनही सगळं सामसूम.

बसवताना काठावरच्या तीन खुणांपासून डब्याच्या तोंडापर्यंत दोऱ्या ताणून तिन्ही सारख्या केल्या. डबा एक सेंटीमीटर बाजूला सरकला तर झोत जेमतेम 0.4 अंश हलतो. झोतच साडेपाच अंशांचा आहे, त्यामुळे 23 सेंटीमीटरवर एवढं चालून जातं. 10 गिगाहर्ट्झवाल्यांनी हे वाक्य वाचू नये, त्यांचा झोत फार बारीक. शेवटचं जुळवणं सूर्यावर. छत्री सूर्याकडे, मग रिकाम्या आकाशाकडे, आणि गोंगाटातला फरक बघत डबा नाभीच्या पुढेमागे सरकवायचा. दहा-अकरा डेसिबल फरक दिसला की मी पान्हा खाली ठेवतो.

डब्याचं तोंड थर्माकोलने झाका. पावसासाठी म्हणा, पण त्याहून कुंभारमाशीसाठी. तिला सेप्टमच्या पायऱ्या फार आवडतात आणि ओली माती प्रीॲम्पच्या तोंडाशी नको.

सध्या मी फक्त ऐकतो, म्हणून दुसऱ्या, पाठवायच्या तोंडाला 50 ओहमचा लोड, म्हणजे सिग्नल गिळणारा रोध, लावलाय. पाठवायला लागलो की त्याच तोंडातून निघालेली थोडी पॉवर छत्रीच्या मध्यावरून उलट फिरकी घेऊन थेट ऐकायच्या तोंडात शिरणार. 200 वॅटला 25 डेसिबल आडकाठी धरली तरी 0.6 वॅट आत येतात, आणि प्रीॲम्पची वाट लावायला तेवढे भरपूर झाले. म्हणून पाठवताना प्रीॲम्प तोडणारा रिले मध्ये हवाच. तो आणून ठेवलाय. पण पाऊस उघडल्याशिवाय गच्चीवर शिडी लावायची नाही, असा घरातून हुकूम आहे.